टापांखालची तीन माणसं: कीव्हमधल्या ख्मेलनित्स्की पुतळ्याचं प्रकरण

कीव्हमध्ये कोसॅक या युक्रेनमधल्या लढवय्या समाजाचा हेटमन, म्हणजे सरसेनापती, बोहदान ख्मेलनित्स्की याचा अश्वारूढ पुतळा उभारायचं ठरलं, तेव्हा शिल्पकार मिखाईल मिकेशिनने केलेल्या पहिल्या आराखड्यात घोड्याच्या टापांखाली तीन माणसं होती. एक पोलिश उमराव, जेझुइट या कॅथलिक पंथाचा एक पाद्री आणि एक ज्यू इजारदार. हेटमनचा घोडा या तिघांना कड्यावरून खाली लोटतो आहे, असं ते दृश्य होतं. कड्याच्या पायथ्याशी पुढच्या बाजूला कोबझार, म्हणजे वाद्यावर वीरगाथा गाणारा युक्रेनी लोकगायक, बसलेला. त्याचं गाणं ऐकायला चौघे जण: मोठ्या रशियाचा, छोट्या रशियाचा, श्वेत रशियाचा आणि लाल रशियाचा प्रतिनिधी. 'छोटा रशिया' म्हणजे युक्रेन, 'श्वेत रशिया' म्हणजे बेलारूस आणि 'लाल रशिया' म्हणजे तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेला गालिसिया. चौथऱ्यावर तीन उत्थित शिल्पं बसवायची होती: झ्बाराझची लढाई, पेरेयास्लावची सभा आणि कीव्हमधला विजयप्रवेश.

१८८८ साली पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा यातलं काहीही नव्हतं. उमराव, पाद्री, इजारदार, कोबझार, श्रोते, लढाई, सभा, सगळं गळालं होतं. उरला तो घोडा आणि त्यावरचा स्वार. उजव्या हातातली गदा पुढे रोखलेली, घोडा पुढचे पाय उचललेला, खाली प्राचीन दफनटेकाडासारखा रचलेला दगडी चौथरा. सेंट सोफिया कॅथेड्रलच्या घंटाघरासमोरच्या चौकात हा पुतळा आजही आहे. त्यानंतर कीव्हमध्ये झार गेले, लेनिन गेला, सोव्हिएत संघ गेला. त्या सगळ्यांचे पुतळे पडले, हा राहिला.

तो का राहिला, आणि राहण्यासाठी त्याच्यातून काय काय काढावं लागलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. पुतळ्यांच्या वादात आपण वरच्या माणसाकडे बघत राहतो: तो नायक की खलनायक, ठेवायचा की पाडायचा. कीव्हच्या या पुतळ्याकडे मात्र मान खाली करून, चौथऱ्याकडे बघावं लागतं. भांडण सगळं तिथं झालेलं आहे.

हेटमन

ख्मेलनित्स्कीचा जन्म साधारण १५९५ चा. पोलंड-लिथुआनिया राज्यातला तो एक छोटा जमीनदार, नोंदणीतल्या, म्हणजे राज्याच्या पगारी, कोसॅक पथकांमधला अधिकारी. पन्नाशीपर्यंत त्याने बंड वगैरे काही केलं नव्हतं. १६४७ मध्ये चिहिरिनचा उपअधिकारी दानिएल चाप्लिन्स्की याने त्याच्या सुबोतिव्हच्या वाडीवर हल्ला करून ती बळकावली. मुलाला मारहाण झाली. न्यायालयात दाद मिळाली नाही. ख्मेलनित्स्की पळून नीपर नदीच्या खालच्या अंगाला झापोरोझियाच्या कोसॅक छावणीत गेला, १६४८ च्या सुरुवातीला तिथं हेटमन म्हणून निवडला गेला, आणि क्रिमियाचा तातार खान तिसरा इस्लाम गिराय याच्याशी त्याने हातमिळवणी केली. मे महिन्यात झोव्ती वोदी आणि कोरसुन, सप्टेंबरात पिल्याव्त्सी: पोलिश सैन्याचा लागोपाठ तीनदा धुव्वा उडाला.

एका माणसाच्या वैयक्तिक तंट्यातून एवढा वणवा पेटला, कारण लाकूड आधीच सुकलेलं होतं. युक्रेनच्या सुपीक जमिनी पोलिश उमरावांच्या अफाट जहागिऱ्यांत गेल्या होत्या. शेतकरी भूदास झाला होता. ऑर्थोडॉक्स धर्मावर दडपण होतं. उमराव स्वतः लांब राहत आणि गिरण्या, दारूभट्ट्या, नाके, कधीकधी अख्खी गावं इजाऱ्याने देत. इजारदार बरेचदा ज्यू असत. वसुलीतला मोठा हिस्सा उमरावाच्या खिशात जाई, पण शेतकऱ्याला दारात दिसे तो इजारदार.

१६४८ च्या अखेरीस ख्मेलनित्स्की कीव्हमध्ये शिरला तेव्हा सोफिया कॅथेड्रलपाशी जेरुसलेमचा पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख, पाइसिओस आणि कीव्हचा महाधर्माधिकारी सिल्व्हेस्टर कोसिव्ह त्याच्या स्वागताला आले. विद्यार्थ्यांनी त्याला पोलिश गुलामीतून सोडवणारा मोशे म्हटलं. पुतळा आज त्याच परिसरात आहे, म्हणजे जागेची निवड अगदी विचारपूर्वक झाली.

पुढच्या वर्षी झ्बोरिव्हचा तह झाला. नोंदणीतल्या कोसॅकांची संख्या ४० हजारांवर नेण्यात आली. कीव्ह, ब्रात्स्लाव आणि चेर्निहिव्ह या प्रांतांत पोलिश फौजेला, जेझुइटांना आणि ज्यूंना मज्जाव झाला. मिकेशिनच्या आराखड्यातले ते तिघे आठवून पाहा. टापांखालची माणसं शिल्पकाराच्या लहरीतून आलेली नव्हती; त्या तहातल्या बंदीची यादीच त्याने जवळजवळ जशीच्या तशी शिल्पात उतरवायला घेतली होती.

पण तह टिकला नाही. १६५१ मध्ये बेरेस्तेच्कोला तातार ऐनवेळी मैदान सोडून गेले, कोसॅक हरले, आणि नोंदणी २० हजारांवर आली. पुढच्या वर्षी बातिहला कोसॅकांनी त्याचा सूड घेतला. एकट्याच्या बळावर पोलंडशी लढणं झेपत नाही हे स्पष्ट झाल्यावर जानेवारी १६५४ मध्ये पेरेयास्लावला ख्मेलनित्स्कीने मॉस्कोच्या झारशी निष्ठेची शपथ घेतली.

त्या शपथेचा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे. झारचा दूत वासिली बुतुर्लिन याने झारच्या वतीनेही शपथ घ्यावी, आमचे हक्क राखले जातील याची हमी द्यावी, अशी कोसॅकांची मागणी होती. पोलंडचे राजे अशी शपथ घेत. बुतुर्लिनने नकार दिला: झार आपल्या प्रजेपुढे शपथ घेत नसतो. ख्मेलनित्स्की चर्चमधून बाहेर पडला, आपल्या सरदारांशी बोलला, आणि परत येऊन एकतर्फी शपथ घेऊन मोकळा झाला. कोसॅकांच्या लेखी तो करार होता, मॉस्कोच्या लेखी शरणागती. मूळ कागद टिकलेले नाहीत. पुढची साडेतीनशे वर्षं चाललेलं भांडण त्या एका खोळंब्यात सामावलेलं आहे.

शिवाय ख्मेलनित्स्की झारचा निष्ठावंत होऊन बसला, असंही झालं नाही. १६५६ मध्ये मॉस्कोने कोसॅकांना विचारात न घेता पोलंडशी विल्नाचा तह केला. तेव्हा त्याने स्वीडन आणि ट्रान्सिल्व्हेनियाशी संधान बांधलं, एवढंच काय, ट्रान्सिल्व्हेनियाच्या राजाबरोबर पोलंडवर आपलं सैन्यही धाडलं. १६५७ मध्ये तो वारला. दहा वर्षांनी आंद्रुसोव्होच्या तहाने रशिया आणि पोलंड यांनी नीपरच्या दोन काठांवर युक्रेन वाटून घेतला.

नेमिरिव्ह

आता ज्या गोष्टीमुळे हा माणूस जगातल्या एका मोठ्या समाजाच्या स्मृतीत केवळ मारेकरी म्हणून उरला, तिच्याकडे येतो.

जून १६४८ मध्ये पोदोलियातल्या नेमिरिव्ह या तटबंदीच्या गावात आसपासचे ज्यू आसऱ्याला जमले होते. बंडखोर आत शिरले आणि कत्तल झाली. मग तुल्चिन, मग पोलोन्ने, आणि अशी अनेक गावं. काहींनी बाप्तिस्मा घेऊन जीव वाचवला, काहींना तातारांनी पकडून नेऊन कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात विकलं, आणि तिथल्या ज्यू समाजाने वर्गणी काढून त्यांना सोडवलं. नाथान हानोवर या पळून गेलेल्या रब्बीने या सगळ्याचा वृत्तांत लिहिला. तो १६५३ मध्ये व्हेनिसला छापला गेला. पोलंडमधल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेने १६५० मध्ये ज्यू पंचांगातल्या सिवान महिन्याची विसावी तिथी, नेमिरिव्हच्या कत्तलीचा दिवस, उपासाचा आणि शोकाचा ठरवला. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत तो उपास पिढ्यान् पिढ्या पाळला गेला.

मृतांचा आकडा हा स्वतंत्र वाद आहे. जुन्या ग्रंथांत एक लाख आणि त्याहूनही मोठे आकडे येतात. अलीकडे शाऊल श्टाम्फर या इतिहासकाराने तेव्हाच्या लोकसंख्येचा हिशेब मांडून १८ ते २० हजार असा अंदाज दिला. त्या प्रदेशात राहणारे ज्यू साधारण ४० हजार होते असं तो धरतो. आकडा खाली आला म्हणून गुन्हा लहान झाला, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. त्याच हिशेबाने जवळपास निम्मा समाज नाहीसा झाला.

ख्मेलनित्स्कीने स्वतः प्रत्येक कत्तलीचा हुकूम दिला होता का? तसं म्हणता येत नाही. अनेक टोळ्या आपापल्या पुढाऱ्यांच्या मागे होत्या. उलट बाजूने यारेमा विश्न्योविएत्स्कीसारखे पोलिश सरदार बंडखोरांना आणि गावकऱ्यांना तितक्याच क्रूरपणे मारत होते. पण बंडाचा नेता तो होता, विजयाचं श्रेय त्याच्या नावावर आहे, आणि ज्यूंना हुसकावण्याचं कलम त्याच्याच तहात आहे. श्रेय घ्यायचं आणि जबाबदारी टोळ्यांवर ढकलायची, ही सवलत कुठल्याच सेनापतीला मिळू नये.

खुद्द युक्रेनी शेतकऱ्यांच्या मनातही त्याच्याविषयी एकच भावना नव्हती. तातारांची मदत फुकट नव्हती. ते मोबदल्यात माणसं नेत, आणि नेलेल्यांत युक्रेनच्या खेड्यांतल्या मुली-मुलगे असत. पहिलीच गोळी ख्मेलनित्स्कीला का लागली नाही, असा तळतळाट करणारं एक लोकगीत युक्रेनमध्ये आहे. राष्ट्रकवी तारास शेवचेन्कोनेही आपल्या कवितांत, पेरेयास्लावसाठी, त्याला कठोर बोल लावले आहेत. सोफिया चौकातला पुतळा उभा राहिला तेव्हा हे सगळं लोकांना माहीत होतं.

युझेफोविचचा पुतळा

पुतळ्याची कल्पना रेटली ती मिखाईल युझेफोविच या कीव्हच्या बड्या सरकारी अधिकाऱ्याने. शिक्षण खात्यात तो उच्चपदावर होता, आणि जुने दस्तऐवज छापणाऱ्या कीव्हच्या आयोगाचा अध्यक्ष होता. काळ १८६३ च्या पोलिश उठावानंतरचा. उठाव चिरडला गेला होता, पण नीपरच्या उजव्या काठावर जमिनी आणि प्रतिष्ठा अजून पोलिश घराण्यांकडे होती. हा मुलूख पोलिश नसून रशियन आहे, हे दगडात आणि धातूत ठसवण्यासाठी ख्मेलनित्स्कीहून सोयीचा माणूस कोण? पोलंडला हरवणारा आणि झारकडे येणारा.

याच युझेफोविचचं दुसरं काम अधिक प्रसिद्ध आहे. १८७६ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडर झारने जर्मनीतल्या एम्स गावी मुक्कामाला असताना एक हुकूम काढला. त्याने युक्रेनी भाषेत पुस्तकं छापण्यावर, बाहेरून आणण्यावर, त्या भाषेत नाटकं करण्यावर बंदी आली. त्या हुकमामागे युझेफोविचच्या तक्रारी होत्या. म्हणजे युक्रेनची भाषा बंद करणारा आणि युक्रेनच्या हेटमनचा पुतळा उभारणारा माणूस एकच. यात त्याला स्वतःला काही विसंगती वाटली नसणार. त्याच्या मते ख्मेलनित्स्की हा रशियाचाच होता. युक्रेन नावाचं वेगळं काही नव्हतंच.

आणि तरी शिल्पाच्या तपशिलांसाठी मिकेशिनला सल्ला दिला तो व्होलोदिमिर अँतोनोविच या इतिहासकाराने, जो युक्रेनी भाषा-संस्कृतीसाठी झटणाऱ्या त्याच मंडळातला होता ज्याच्यावर युझेफोविच तुटून पडला होता. सतराव्या शतकातला पोशाख, हत्यारं, चेहरेपट्टी ही माहिती त्या बाजूकडून आली. मला या प्रकरणातला हा सर्वांत बोलका धागा वाटतो. हुकूमशाहीच्या काळात माणसं अशीच कामं करतात: अर्थ लावणं दुसऱ्याच्या हाती असतं, तरी निदान अंगरखा तरी आपला असावा, एवढं बघतात.

पैशाचं पाहू. साम्राज्यभर लोकवर्गणी जाहीर झाली. सुमारे ३७ हजार रूबल जमले, आणि तेवढ्यात मूळ आराखडा पुरा होणं शक्य नव्हतं. त्याच सुमारास राजकीय अडचणही उभी राहिली. कीव्हचा गव्हर्नर-जनरल दोन्दुकोव्ह-कोर्साकोव्ह याला टापांखालचे तिघे पसंत नव्हते. तो उदारमतवादी वगैरे नव्हता, त्याची चिंता कारभाराची होती: ज्या शहरात पोलिश आणि ज्यू माणसं मोठ्या संख्येने राहतात, तिथं भर चौकात असं शिल्प म्हणजे रोजचं चिथावणीचं कारण. खर्च आणि शांतता, दोन्ही कारणं एकाच दिशेने ढकलत होती. गट वगळला गेला.

वगळला नसता तर काय झालं असतं, याची कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. एप्रिल १८८१ मध्ये, झारच्या खुनानंतर, कीव्हमध्येच ज्यूंच्या वस्त्यांवर दंगल झाली. घरं-दुकानं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले, माणसं मेली. पुतळा तोवर ओतून तयार झाला होता. त्या दंगलीच्या शहराच्या मध्यभागी ज्यू माणसाला कड्यावरून लोटणारा सरकारी घोडा उभा राहणार होता. एका नोकरशहाच्या सावधपणामुळे आणि पेटीतल्या खडखडाटामुळे ते टळलं. सदसद्विवेकामुळे टळलं असं मात्र कुणी म्हणू नये.

ओतकाम १८७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झालं. आरमार खात्याने जुन्या जहाजांचा १६०० पूड धातू दिला, म्हणजे जवळपास २६ टन. पुतळा कीव्हला पोचला, पण चौथऱ्याला पैसे नव्हते. मग हेटमनने कित्येक वर्षं सोफिया चौकाजवळच्या पोलीस ठाण्याच्या आवारात काढली. हेटमनला अटक झाली आहे, असं कीव्हचे लोक म्हणत. शेवटी शहराचा वास्तुविशारद व्होलोदिमिर निकोलायेव्ह याने चौथऱ्याचा साधा आराखडा करून दिला, आणि नीपरवरच्या साखळी पुलाच्या बांधकामातून उरलेला ग्रॅनाइट त्यासाठी वापरला गेला.

मुहूर्त ठरला तो रुसच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे कीव्हच्या प्राचीन राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याच्या, नऊशेव्या वर्षाच्या सोहळ्याचा. जुन्या पंचांगाप्रमाणे ११ जुलै १८८८, नव्याप्रमाणे २३ जुलै. युझेफोविच हे पाहायला जिवंत होता. पुढच्याच वर्षी तो वारला.

दोन ओळी

टापांखालची माणसं गेली, पण चौथऱ्याला बोलतं केलं गेलंच. एका बाजूला लिहिलं गेलं: बोहदान ख्मेलनित्स्कीला, एक आणि अविभाज्य रशियाकडून. दुसऱ्या बाजूला: आम्हाला पूर्वेचा, ऑर्थोडॉक्स झार हवा.

दुसरी ओळ पेरेयास्लावच्या सभेत जमावाने दिलेली आरोळी म्हणून इतिहासात आली आहे. ती आपल्यापर्यंत पोचली कशी? बुतुर्लिनच्या दूतमंडळाने मॉस्कोला पाठवलेल्या अहवालातून. ज्याने शपथ घ्यायला नकार दिला त्याच पक्षाने लिहून घेतलेलं समोरच्या पक्षाचं वाक्य, सव्वादोनशे वर्षांनी ग्रॅनाइटवर जनतेचा आवाज म्हणून चढलं. पोलिश, जेझुइट आणि ज्यू आकृत्या ज्यांना खटकल्या असत्या त्यांचा विचार गव्हर्नर-जनरलने केला. ही ओळ ज्यांना खटकली असती त्या युक्रेनी माणसांचा विचार कुणी करण्याची गरज नव्हती. त्यांच्या भाषेत ती खोडून काढणारं एक चोपडंही छापता येत नव्हतं.

गदेची दिशा मॉस्कोकडे आहे, असं कीव्हमध्ये सांगतात. ते खरं धरलं तरी एक घोळ उरतो: रोखलेली गदा ही वाट दाखवते की धमकी देते, हे बघणाऱ्यावर आहे. चौथऱ्यावरच्या ओळी नसतील तर तो पुतळा कुठल्याही बाजूने वाचता येतो. म्हणून तर ओळी लागल्या.

पाट्या बदलत गेल्या

मार्च १९१७ मध्ये झारशाही कोसळताच कीव्हमध्ये पंतप्रधान स्तोलिपिनचा पुतळा उतरवला गेला. १९२० मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरचा गेला. राणी ओल्हाचं शिल्प बोल्शेव्हिकांनी काढलं. ते १९९६ मध्ये परत बसलं. ख्मेलनित्स्की मात्र राहिला, कारण प्रत्येकाला तो आपला म्हणता येत होता. २२ जानेवारी १९१९ रोजी पूर्व आणि पश्चिम युक्रेनच्या दोन प्रजासत्ताकांच्या एकीकरणाची घोषणा याच सोफिया चौकात झाली. 'अविभाज्य रशिया' असं कोरलेल्या दगडाच्या सान्निध्यात स्वतंत्र, एकसंध युक्रेनचा जाहीरनामा वाचला गेला.

सोव्हिएत सत्ता स्थिरावल्यावर दोन्ही झारकालीन ओळी गेल्या आणि नाव व साल तेवढं उरलं. अर्थ मात्र दुसरीकडून परत आला. १९४३ मध्ये जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांसाठी स्टालिनने बोहदान ख्मेलनित्स्की पदक काढलं, आणि पेरेयास्लाव गावाच्या नावाला हेटमनचं नाव जोडलं. १९५४ मध्ये पेरेयास्लावच्या त्रिशताब्दीला 'पुनर्मीलन' असं नाव देऊन देशभर सोहळे झाले, प्रोस्कुरिव्ह शहराचं नाव ख्मेलनित्स्की झालं. नेमिरिव्हचा शब्दही कुणी काढला नाही.

१९९१ नंतर हाच हेटमन स्वतंत्र राज्याचा संस्थापक ठरला. ह्रिव्न्या या युक्रेनी चलनाच्या पाचाच्या नोटेवर तो आला. त्याच्या नावाचं लष्करी पदक युक्रेनने १९९५ मध्ये नव्याने सुरू केलं, आणि आज रशियाविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांच्या छातीवर ते आहे. राष्ट्राध्यक्षांची खास ब्रिगेडही त्याच्याच नावाने आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मॉस्कोपासून स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्चची घोषणा झाली तीही या चौकात.

दुसरं शिल्प

कीव्हमध्ये ख्मेलनित्स्कीचं आणखी एक भव्य शिल्प होतं, सोफिया चौकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. १९८२ मध्ये सोव्हिएत सरकारने नीपरच्या उंच काठावर 'राष्ट्रांच्या मैत्रीची कमान' उभारली. कमानीखाली दोन शिल्पगट होते. एकात रशियन आणि युक्रेनी कामगार, दुसऱ्यात पेरेयास्लावची सभा: ग्रॅनाइटचे कोसॅक, मध्ये हेटमन आणि बुतुर्लिन. कामगारांचं शिल्प एप्रिल २०२२ मध्ये, रशियाच्या आक्रमणानंतर दोन महिन्यांनी, उतरवलं गेलं. कमानीचं नाव बदललं. पेरेयास्लावचा गट ३० एप्रिल २०२४ पासून काढायला घेतला. मध्यंतरी, २०२३ मध्ये, रशियन साम्राज्याचा प्रचार करणाऱ्या स्मारकांविरुद्धचा कायदाही आला होता.

एकाच माणसाची, एकाच शहरात दोन स्मारकं. एक झारच्या काळातलं, एक सोव्हिएत काळातलं. दोन्ही उभारण्यामागचा हेतू एकच, रशियाशी जोडणी. एक गेलं, एक राहिलं. गेलं त्यात हेटमनशेजारी बुतुर्लिन होता. राहिलं त्यात हेटमन एकटा आहे. युझेफोविचला पैसे कमी पडले नसते, उत्थित शिल्पांत पेरेयास्लावची सभा आणि पायथ्याशी चार 'रशियां'चे श्रोते खरोखर बसले असते, तर सोफिया चौकातला पुतळा आज त्याच जागी असता असं मला वाटत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असं सांगणारा जो दीर्घ लेख प्रसिद्ध केला, त्यातही पेरेयास्लाव आणि ख्मेलनित्स्कीच्या पत्रांचा दाखला आहे. १८८८ च्या चौथऱ्यावरची पहिली ओळच तिथं विस्ताराने लिहिली आहे. सात महिन्यांनी रणगाडे निघाले. म्हणून हे सगळं जुनं भांडण आहे, असं म्हणून हात झटकता येत नाही.

काय करायला हवं

पुतळा पाडावा, असं माझं मत नाही. सोफिया चौकात त्याच्याभोवती शंभर वर्षांचा वेगळा इतिहास जमला आहे, १९१९ चा, २०१८ चा, आणि तो त्या घोड्यालाच चिकटलेला आहे. शिवाय साम्राज्याने लावलेला अर्थ एकेक ओळ खरवडून काढला गेला. हे काम सोपं नव्हतं आणि ते पुसलं जाऊ नये.

पण नुसतं नाव आणि साल कोरलेला चौथरा हाही प्रामाणिक नाही. ज्या माणसाबद्दल पोलंड, ज्यू समाज, रशिया आणि खुद्द युक्रेनी खेडी यांचं चार प्रकारचं म्हणणं आहे, त्याच्या पायथ्याशी मौन ठेवणं ही सोय आहे. तिथं एक माहितीफलक असावा. त्यावर मिकेशिनचं मूळ रेखाटन छापावं, टापांखालच्या तिघांसकट. झारकालीन दोन ओळी द्याव्यात, त्या कुणी घातल्या आणि त्याच माणसाने युक्रेनी भाषेचं काय केलं हे लिहावं. पेरेयास्लावला बुतुर्लिनने शपथ नाकारली हे लिहावं. आणि नेमिरिव्ह लिहावं.

युद्ध चालू असताना स्वतःच्या नायकाचे डाग दाखवायची ही वेळ आहे का, असा आक्षेप मला दिसतो आणि त्यातलं दुःख कळतं. शत्रू हेच वाक्य उचलून वापरेल, ही भीतीही खोटी नाही. तरी कीव्हनेच याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. बाबिन यारच्या दरीत सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले. १९७६ चं सोव्हिएत स्मारक तिथं फक्त 'सोव्हिएत नागरिक' म्हणून थांबलं, ज्यू हा शब्द त्याने घेतला नाही. १९९१ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्या दरीत सात शाखांची ज्यू दीपमाळ, मेनोरा, उभी राहिली. देश तेव्हा नुकताच स्वतंत्र होत होता, तिजोरी रिकामी होती, सगळंच अस्थिर होतं, तरी ते झालं.

फलकावर जागा कमी पडली आणि एकच गोष्ट ठेवायची झाली, तर नेमिरिव्ह ठेवावं. पोलंडची बाजू मांडायला पोलंडचे इतिहासकार आहेत. रशियाचा दावा खोडायला सगळा युक्रेन उभा आहे. नेमिरिव्हमध्ये १६४८ नंतर ज्यू परत आले, पिढ्यान् पिढ्या राहिले, विसाव्या सिवानला उपास करत राहिले. १९४१-४२ मध्ये जर्मनांनी त्यांतल्या बहुतेकांना मारून टाकलं, आणि तो उपास आपल्या गावात पाळायला तिथं फार थोडे उरले.